काचेवरचे तेज

मित्रांनो, मी एक चित्र आहे. खरे तर ‘जुने चित्र’ म्हणायची रीत आहे, पण मला अजून तीन वर्षेही झाली नाहीत. तरी एवढ्यात माझ्यावर जे गुदरले, ते शंभर वर्षांच्या तसबिरीवरही गुदरत नाही.

माझा जन्म पेणचा. पेणला जन्मलेल्या बहुतेकांना सोंड असते. मला नाही, कारण मी गणपती नाही, जलरंगातले कागदी चित्र आहे. मृणाली नावाच्या मुलीने मला मुलांच्या एका पुस्तकासाठी काढले. ते पुस्तक बायजाबाईंवर होते.

बायजाबाई मिठागरात राबायच्या. त्यांच्या काळी खाडीकाठच्या त्या गावात मिठागरातल्या बायकांना गावच्या विहिरीवर दोर टाकायची बंदी होती. ‘तुमचा दोर पडला तर विहीर खारी होईल,’ असे गावातले शहाणे सांगत. बायजाबाईंनी पाड्यावरच्या सगळ्या बायका गोळा केल्या, भर दुपारी दोर टाकला, ओंजळभर पाणी प्यायल्या आणि शहाण्यांकडे बघून खदखदून हसल्या. म्हणाल्या, “खारी कुठं झाली गो? गोडच हाय!” पुढे त्या जन्मभर अशाच हक्कांसाठी भांडल्या, पण सुरुवात त्या हसण्याने झाली.

त्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. म्हणून मृणाली कासू स्टेशनला उतरून त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, काशीबाईंकडे गेली. काशीबाई आता ऐंशीच्या पुढच्या. त्या सांगत गेल्या, मृणाली काढत गेली.

“वरचा एक दात अर्धा होता तिचा. तो काढ.”

“आजी, चांगला दिसेल का?”

“चांगला कशाला? तिचा दिसू दे. आन हसताना काढ गो. मरायच्या आधी येकदा माझ्या थोरल्या बायला हसताना बघायचंय मला.”

असा मी जन्मले : खांद्यावर दोर, ओंजळीत पाणी, तोंड उघडे, दात अर्धा. पुस्तक छापून झाले, मुलांना आवडले. मग रोह्याच्या एका वाचनालयाने मूळ चित्र, म्हणजे मला, मागून घेतले. काच बसली, चौकट बसली, अनावरणाची तारीख ठरली. मी खुशीत होते. तेवढ्यात अध्यक्ष विष्णुपंतांनी मला नीट पाहिले.

“अहो, ही हसतेय!” ते चिटणीसांना म्हणाले. “थोर व्यक्ती कधी हसतात का? आणि हा दात! पाहुणे काय म्हणतील?”

मित्रांनो, त्या भिंतीवरच्या इतर थोर तसबिरी मी तेव्हा पाहिल्या. खरेच, एकही हसत नव्हती. त्या वाचनालयात राहून मीही कदाचित हसले नसते.

मृणालीला कळवायचे नाही, असे ठरले. कलावंत माणसे मनाला लावून घेतात. विष्णुपंत मला गाडीत घालून पेणला केरूनानांकडे घेऊन आले. केरूनाना गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. विष्णुपंतांनी हुकूम दिला : तोंड मिटवा, डोळे मोठे करा, आणि मागे थोडे तेज टाका.

माझी काय अवस्था झाली असेल! जलरंगावर एकदा दुसरा रंग चढला की खालचे हसू गेले ते गेलेच. आणि काशीबाई कार्यक्रमाला येणार होत्या.

विष्णुपंत गेल्यावर केरूनाना माझ्यासमोर बसून राहिले. शेवटी त्यांची बायको रंभा म्हणाली, “बसलायस काय? काम घेतलंस ना?”

“हिची आखणी झालेली हाय. उघडलेल्या डोळ्यांवर मी पुन्हा ब्रश लावत नाय. गणपतीच्या नाय, मानसाच्याबी नाय.”

“मग नाय म्हनायचं होतं.”

“नाय म्हटलं तर दुसऱ्याकडं नेतील. तो लावंल.”

असे म्हणून त्यांनी ब्रश उचलला. मी डोळे मिटले असते, पण ते मिटता येत नाहीत. आणि मग काय आश्चर्य! रंग मला लागलाच नाही. केरूनाना काचेवर रंगवत होते. काचेवर मिटलेले ओठ उमटले, टपोरे डोळे उमटले, मागे पिवळेधमक तेज उमटले. मी आत सुखरूप हसत होते.

“आन कोनी काच पुसली तर?” रंभाने विचारले.

“समितीनं तसबीर पुसल्याचं ऐकलंयस कधी?” केरूनाना म्हणाले. “आन पुसलीच कोनी, तर त्याला दिसंल. पुसनाऱ्याचा हक्क हाय तो.”

अनावरणाला सभागृह भरले होते. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. मृणालीचा चेहरा मात्र पांढरा पडला. काशीबाईंना हार घालायला वर बोलावले. त्या जवळ आल्या आणि हार हातातच राहिला.

“ही कोन?”

“बायजाबाई, तुमच्या भगिनी,” विष्णुपंत हळूच म्हणाले. “वयोमानाने दिसत नसेल.”

“व्हय, दिसत नाय खरं. धूळ बसली आसंल.”

पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला पाण्याचा पेला त्यांनी कुणाला न विचारता उचलला, पदराचे टोक त्यात बुडवले आणि काच पुसायला घेतली. “अहो, अहो,” करत विष्णुपंत पुढे धावले, पण पाहुणे वाटेत होते. आधी तेज गेले. मग टपोरे डोळे गेले. मग ओठ निघाले, आणि आतून अर्धा दात बाहेर आला.

काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. “हां! ही माझी बाय. हसली बघ!”

पहिल्या रांगेतली पोरे हसली, मग सगळे सभागृह. मृणाली एकाच वेळी हसत आणि रडत होती. विष्णुपंत क्षणभर काळवंडले. पण समोर फोटो निघत होते, म्हणून तेही हसले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, “अनावरण जनतेच्या हस्ते व्हावे, ही समितीची मूळ कल्पना होती.”

आता मला कसली काळजी नाही. काशीबाईंनी हट्टाने मला खालच्या खिळ्यावर लावून घेतले आहे, पोरांच्या नजरेसमोर. पोरे येतात, माझा दात मोजतात. अर्धा तो अर्धाच भरतो.

तुमच्याकडे एक मागणे आहे, मित्रांनो. थोरांच्या तसबिरींना जयंतीला हार घालता, तो घाला. पण अधूनमधून काचही पुसत जा. आत कोण किती वर्षे हसत बसले असेल, सांगता येत नाही.