मास्तरांकडे उरलेला शब्द

मास्तरांना झटका आला तो निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, सकाळी दाढी करताना. अर्ध्या गालावरचा साबण तसाच राहिला. अकरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढावा लागत होता, आणि नोकरीभर वर्ग दणाणून सोडणाऱ्या त्या तोंडात एकच शब्द शिल्लक होता. तोही इंग्रजी. कीप.

भूक लागली, कीप. खिडकी लावा, कीप. डॉक्टरांनी नाव विचारलं, तरी कीप. लिहून दाखवा म्हटलं तर डाव्या हातातल्या पेन्सिलीतून नुसती वेटोळी निघत. ऐकलेलं मात्र त्यांना बहुतेक सगळं कळत होतं, आणि तेच जास्त जीवघेणं होतं.

ते मास्तर, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची मास्तरीणबाई. तिनं उभ्या आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या आपल्या दुकानात ती कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, कुणाची चेन बदल. इंग्रजीची तिची धाव दुकानांच्या पाट्या अक्षर लावून वाचण्यापर्यंत.

मास्तरांना मात्र शब्दांच्या कुळकथा सांगायचं वेड. जेवता जेवता हात हवेतच थांबायचा आणि सुरू व्हायचे, "बरं का, हा शब्द मुळात असा नव्हताच." मास्तरीण तोंडात टाचण्या धरून "हं" म्हणायची. टाचण्या नसल्या तरी "हं"च म्हणायची. फारच लांबलं तर, "अहो, जेवा आधी. शब्द काही पळून जात नाहीत."

आता घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू येई. दुकानात मशीन चालवताना ती त्या बडबडीतला एखादा तुकडा आठवून बघायची. तीस वर्षं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलेलं, आठवणार कुठून? "बरं का" एवढंच आठवायचं. त्यापुढे काहीच नाही.

एके दिवशी तिनं मास्तरांचा जाडजूड शब्दकोश खाली काढला आणि टेबलावर पसरून त्यांच्यासमोर बसली. कीप सापडायला पाव तास गेला.

"ठेवणे," तिनं वाचलं. "काही ठेवायचंय का तुम्हाला? कुठं ठेवायचंय?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"सांभाळणे. राखणे. वचन पाळणे." तिनं वर बघितलं. "कसलं वचन? मला दिलेलं? त्या सोन्याच्या बांगड्यांचं? ते मी केव्हाच सोडून दिलं."

नाही.

"टिकणे. दूध वगैरे. दूध नासलंय का? नाही. बरं. पाळणे, कोंबड्या इत्यादी." बोट ओळीवर ठेवून ती थांबली. "अहो, या तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या पाळायच्यात का?"

मास्तर हसले. अर्धाच चेहरा हसला, पण पोट धरून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मास्तरीणही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही केल्या थांबेना.

दर गुरुवारी वाणीचे व्यायाम घ्यायला एक तरुण थेरपिस्ट घरी यायची. मास्तरणीनं तिला सगळे अर्थ दाखवले. कागदावर उतरवून ठेवले होते, सतरा.

"काकू, रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली. "अशा आजारात एखादाच शब्द शाबूत राहतो. कोणता राहील याला काही नियम नाही. मनात दुसरं काही असतं, आणि तोंडातून तेवढंच बाहेर पडतं. त्या शब्दाला अर्थ असेलच असं नाही."

"म्हणजे त्यांना कीप म्हणायचंच नाही?"

"त्यांना काहीही म्हणायचं असेल. तुम्ही शब्दापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या."

मास्तरणीनं तो कागद चुरगळून टाकला. मग आवाजाकडे लक्ष देऊ लागली, आणि आठवड्याभरात तिला कळायला लागलं. पाणी हवं असलं की कीप छोटं असतं. टॉयलेटला जायचं असलं की घाईचं. पाय दुखत असला की ओढलेलं. एक कीप मात्र तिला उलगडेना. ती दुकानातून परत आली, दार उघडलं, की खिडकीजवळच्या खुर्चीतून ते ऐकू यायचं. हळू, जवळजवळ श्वासासारखं. पाणी नको, चहा नको, पाय दुखत नाही. "मग काय हवंय?" ती चप्पल काढता काढता विचारायची, आणि मास्तर मान फिरवून पुन्हा खिडकीबाहेर बघायचे.

त्या महिन्याच्या शेवटी बँकेच्या पहारेकऱ्यांचे चौदा गणवेश एकदम दुरुस्तीला आले. पाचला घरी पोचणारी मास्तरीण सातला निघाली. जिन्यात शिरली तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मास्तर बसलेले. कठडा डाव्या हातात घट्ट धरलेला, एक पाय अनवाणी, शर्ट घामानं चिंब. अख्खा मजला एकटे उतरून आले होते.

"पडला असतात म्हणजे?" ती किंचाळलीच. "कुणी सांगितलं होतं खाली यायला? मी काय पळून गेले होते?"

"कीप," मास्तर म्हणाले. तेच, हळू.

"कीप कीप कीप! जरा दुसरं काही बोला हो!"

तोंडातून निघून गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. त्यांना वर न्यायला वीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं. करायला काही नव्हतं म्हणून मास्तरांचं कपाट आवरायला घेतलं. जुन्या परीक्षांच्या पेपरांखाली एक लांबट वही निघाली. वर नाव नव्हतं. आत एकेका पानावर एकेक इंग्रजी शब्द आणि खाली मास्तरांच्या किरट्या अक्षरात मराठी मजकूर. ती पानं उलटत गेली, आणि मधेच कीपची ती चार अक्षरं दिसली. आता ती तिला लावावी लागत नव्हती.

"या शब्दाला गणगोत नाही," मास्तरांनी लिहिलं होतं. "शेजारच्या कुठल्या भाषेत याचा नक्की भाऊबंद सापडत नाही. कुठून आला, माहीत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या लिखाणात भेटतो तेव्हा ठेवणे हा अर्थ अजून पक्का झालेला नाही. लक्ष ठेवणे, टिपणे, कुणाची तरी वाट पाहणे. पाहता पाहता राखणे झाले असावे, आणि राखता राखता ठेवणे."

खाली वेगळ्या शाईत, लहान अक्षरात होतं: "रविवारी हिला सांगितलं. कोटाला अस्तर लावत होती. म्हणाली, मग आपण तरी वाट डोळ्यांनीच पाहतो की. हे मला सुचलं नव्हतं!"

मास्तरीण जमिनीवर बसली. तो कोट तिला आठवेना, तो रविवार आठवेना. असं काही आपण बोललो होतो हेही आठवेना. आपण नुसतं "हं" म्हणत होतो असंच ती धरून चालली होती. तिनं भराभर पानं उलटली. बऱ्याच पानांच्या तळाशी तीच लहान अक्षरं होती. हिला सांगितलं, हसली. हिला सांगितलं, झोप आली होती. हिला पटलं नाही.

वही घेऊन ती खिडकीशी गेली आणि स्टूल ओढून मास्तरांच्या शेजारी बसली. ते पान तिनं सावकाश वाचून दाखवलं, खालच्या ओळींसकट.

"काल मी ओरडले," ती म्हणाली. "तुम्ही माझी वाट बघत होता. हो ना?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, कसलातरी वेगळा आकार धरू लागले, आणि तिचा जीव कानांत गोळा झाला.

"कीप," ते म्हणाले.

मान या वेळी हललीच नाही; हो की नाही, ते तिला आवाजावरूनही कळलं नाही. थेरपिस्टचं म्हणणं बरोबर असेल, वहीतलं पान निव्वळ योगायोग असेल. तिला ते त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही नाही. दुसरा शब्द मास्तरांना कधीच आला नाही.

पण संध्याकाळी दिवा लागला की ती वही काढून बसू लागली. रोज एक पान. मराठी मजकूर ती सहज वाचायची, वरचा इंग्रजी शब्द मात्र अडायचा. मग ती अक्षरं जुळवून मोठ्यानं म्हणायची आणि मास्तरांकडे बघायची. मास्तर कपाळाला आठी घालून मान हलवायचे, अगदी वर्गात हलवत असत तशी. ती पुन्हा म्हणायची. पुन्हा आठी.

"अहो, असाच तर लिहिलाय!" ती वैतागायची, आणि आणखी एकदा म्हणून बघायची.