शंभर टक्के उपलब्ध

गणिताच्या बाईंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण चुकीचं उत्तर दिसलं की त्यांचं डोकं अजूनही फिरायचं. आज असंच एक चुकीचं उत्तर नगरपालिकेच्या आवारात उभं होतं, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, वर कुलूप ठोकलेलं. गावातलं गाड्या चार्ज करायचं एकमेव सार्वजनिक यंत्र!

रात्रभर घरी वीज नव्हती आणि गाडी बारा टक्क्यांवर अडकली. मागच्या सीटवर त्यांचा थोरला भाऊ डोळे मिटून पडला होता. त्याला आठवड्यातून तीनदा चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. अकराची पाळी गेल्यातच जमा होती. नर्सच्या हातापाया पडून बाईंनी तीनची, शेवटची, मागून घेतली होती. तीही हुकली तर थेट परवा, आणि दादाचे पाय आत्ताच सुजून टम्म झाले होते. फोनवर मात्र सकाळपासून हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध' झळकत होतं. त्या भरवशावर तर त्या इथवर आल्या होत्या.

आत कचेरीत हेडक्लार्क त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. बाईंना बघताच ताडकन उठला. त्याच्या डोक्यामागे चौकटीत प्रशस्तिपत्र लटकत होतं: चार्जिंगची उपलब्धता शंभर टक्के.

"कुलूप काढ आधी."

"बाई, काढून उपयोग नाही. त्याला वीजच जोडलेली नाही अजून."

"मग फोनवर उपलब्ध कोण दाखवतं? भूत?"

"मीच. रोज सकाळी खूण करतो. रोजच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत, बिघडलेलं आणि उपलब्ध. बिघडलेलं तर नाहीये ना! सात महिन्यांत एक तक्रार नाही, बाई."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लाज नावाची गोष्ट याने कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

"कोरा पेपर देऊन 'एकही चूक नाही' म्हणाला असतास, तर मी तुला शंभर मार्क दिले असते का रे गाढवा? माझा भाऊ बाहेर गाडीत पडलाय!"

तो नखं कुरतडू लागला. सातवीतही हेच करायचा. वर एसी मजेत घुरघुरत होता. बाईंची नजर त्याच्या प्लगवर गेली. त्यांनी गाडी खिडकीला लावली, डिकीतली केबल आत सोडली, एसीचा प्लग उपटला आणि स्वतःचा खुपसला.

"बाई, हे नियमात बसत नाही!"

"बसव की. तुला सवय आहे."

तीन तास तो फायलीने वारा घेत घामाने निथळत बसला. बाई दादाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या, घड्याळ बघायच्या आणि त्याच्याकडे असं बघायच्या की तो फाइल तोंडापुढे धरायचा. दीड वाजता पोहोचण्यापुरती बॅटरी भरली. त्या केबल गुंडाळू लागल्या तोच फाटकातून दुसरी गाडी आली. एक तरुण जोडपं, मागे झोपलेलं बाळ.

"काकू, इथे उपलब्ध दाखवतंय. यंत्र कुठेय?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. हेडक्लार्कने एसीचा प्लग पुन्हा लावला होता. त्याने जोडप्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि हळूच खिडकी लावून घेतली.

"चल गं," दादा आतून कण्हला. "उशीर होतोय."

"एकच मिनिट, दादा."

तीन वर्षांनंतरही बाईंच्या पर्समध्ये खडू असायचा. त्यांनी तो काढला आणि ताडपत्रीवर, रस्त्यावरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'शंभरपैकी शून्य'. खाली सवयीप्रमाणे सही केली.

"ती खिडकी वाजवा," त्या जोडप्याला म्हणाल्या. "उघडेपर्यंत वाजवत राहा. आत एक चालू प्लग आहे."

मग त्यांनी गाडी रस्त्यावर काढली. मागून काचेवर हात आपटल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.