निळी नखं

बाळाची नखं निळी पडलीत हे हॉस्पिटल गाठायच्या सहा दिवस आधीच कमळला कळलं होतं. कळून तिनं जे केलं, ते आता तिला गिळवत नव्हतं.

वर्सोव्याच्या बाजारात चाळीस वर्षं पापलेट विकणाऱ्या बाईला निळ्या नखांचं काय नवल? सकाळी बर्फ फोडून पाट्या भरल्या की तिची स्वतःची बोटं निळीजांभळी व्हायची. शेगडीवर धरली की दहा मिनिटांत ठीक. त्यामुळे सुनेनं, नमितानं, पाचव्या दिवशी घाबरून पोराची बोटं दाखवली तेव्हा कमळनं तिलाच झापलं. पंखा लावून निजतेस, लेकराला गारठवतेस. पंखा बंद झाला, खिडकी लागली, शेगडी बाळाच्या पायथ्याशी आली. पोर दूध ओढताना घामानं भिजायचं, चार घोटांत दमून झोपायचं, रडायचंसुद्धा नाही. आमचं बाळ गुणाचं, आवाज म्हणून नाही, असं कमळ शेजारणींना मोठ्या कौतुकानं सांगत राहिली. सहा दिवस असेच गेले.

मग पोरानं दूध ओढणंच सोडलं, तेव्हा त्याला अंधेरीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं बाळाच्या पायाला तारेची पट्टी लावली आणि यंत्रावरचा आकडा बघून नर्स धावतच सुटली. तासाभरानं डॉक्टरबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. फुप्फुसातून चांगलं रक्त आणणाऱ्या चारही नसा डावीकडे जोडलेल्या असायला हव्यात. याच्या भलतीकडेच जोडल्या गेल्यात, आणि वाटेत दबल्यातही. फार थोड्या बाळांना असं होतं, पोटात असतानाच होतं, त्यात कुणाचा दोष नसतो. ऑपरेशन आजच करावं लागेल.

"सहा दिवस आधी आनला असता तर?" कमळनं विचारलं.

"तेव्हा त्याच्यात ताकद जास्त होती, आजी."

नमितानं सासूकडे पाहिलंही नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर कमळला बरं वाटलं असतं.

कमळचा मुलगा प्रज्योत सहीला बसला तेव्हा डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. नसा शिवताना थोडा वेळ रक्ताचं फिरणंच थांबवायला लागतं. तेवढ्या वेळात मेंदूला इजा होऊ नये म्हणून बाळाचं अंग आधी खूप थंड करतात. डोक्याभोवती बर्फ ठेवतात.

"बर्फान?" कमळनं विचारलं.

"हो. काम झालं की हळूहळू ऊब देतो."

"आनि मंग तो हललाच नाय तर?"

"आम्ही सगळं करू, आजी. पण खात्री देता येत नाही."

समुद्रात होडी घालताना कुणाला न विचारणारा प्रज्योत पेन धरून आईच्या तोंडाकडे बघत बसला. करू का सही, असं त्यानं हळूच विचारलं.

"मना नको इचारू रं," कमळ म्हणाली. "माज्या इचारानंच सहा दिस गेले."

त्यानं सही केली. बाळाला आत नेताना कमळनं त्याच्या तळपायाला बोट लावलं. तळपाय अजून गरम होता. मग दार लागलं.

बाकावर नमिता एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. आयुष्यभरात कमळनं पाट्याच्या पाट्या बर्फात घातल्या होत्या, आणि त्यातलं परत हललेलं तिनं काहीच पाहिलं नव्हतं. नमिता सरकत सरकत जवळ आली. कमळ तळव्यावर तळवा घासत बसली. पोर बाहेर येईल तेव्हा हात तरी गरम हवेत.