वरच्या गल्लीतली रेघ

रस्त्यावर रेघा मारणारा माणूस म्हटला की लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, रंगाचा डबा घ्यायचा नि ओढत सुटायचं. ज्याला तसं वाटतं त्यानं स्वतःच्या अंगणात एक हातभर रेघ सरळ मारून दाखवावी, मग बोलावं. या गोष्टीतला माणूस नगरपालिकेत उभी हयात हेच करत आला होता. रस्ता ओलांडायचे पट्टे, गाड्या लावायच्या चौकटी, शाळेपुढचं मोठ्या अक्षरातलं 'सावकाश'. खात्यात त्याला सगळे रेघवाला म्हणायचे, आणि स्वभावानंही तो तसाच, नाकासमोर चालणारा. त्याची रेघ आयुष्यात एकदाच वाकडी गेली. ती चुकून गेली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

शहर बंदराचं आणि जुनं. मोठाली जहाजं धक्क्याला लागायची, पाहुणे अर्ध्या दिवसासाठी उतरायचे, आणि कुठे जावं ते न कळून धक्क्यावरच्या बाकांवर बसून राहायचे. मग पर्यटन खात्याला एक युक्ती सुचली. वाटाड्या नको, गाडी नको, धक्क्यापासून सुरू होऊन धक्क्यालाच परत येणारी एक पिवळी रेघ जमिनीवर मारायची. जकातघर, घड्याळाचा मनोरा, दोरखंडांचं गोदाम, शिडं शिवायचा कारखाना, खलाशांचं इस्पितळ, बुरूज, असं सगळं तिच्यावर ओवायचं. फोनमधला एक आवाज प्रत्येक थांब्याची माहिती सांगणार. पाहुण्यानं फक्त रेघ धरून चालायचं.

नकाशा रेघवाल्याच्या हातात पडला तेव्हा त्याला पहिला आनंद झाला तो शिडवाल्या काकांसाठी. दोरखंडांच्या गोदामापाशी दोन गल्ल्या फुटतात. नकाशातली रेघ वरच्या गल्लीत चढत होती, थेट काकांच्या दारावरून. काका म्हणजे रेघवाल्याच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील लवकर गेले, आणि रेघवाल्याच्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले ते काकाच. शिडांचा धंदा केव्हाच बसला होता. काकू गेल्यावर तर त्या लांबलचक कारखान्यात काका, जाड सुया नि मेणाचा वास, एवढंच उरलं होतं. लांबच्या शहरातली मुलगी सारखी मागे लागली होती, "बाबा, ती जागा बंद करा आणि माझ्याकडे या. तिथे येतंय कोण तुमच्याकडे?"

रेघवाला नकाशा घेऊन काकांकडे पळतच गेला. म्हणाला, "काका, आता माणसंच माणसं येणार! रेघ तुमच्या दारावरून जातेय!"

काकांनी त्याच दिवशी मुलीला फोन करून सांगितलं, जहाजांचा हंगाम संपेपर्यंत थांब, एकही माणूस आला नाही तर तू म्हणशील तसं. मग माळ्यावरचं जुनं शीड उतरवलं, फाटलं होतं तिथे शिवलं, दारात टांगलं. पाहुण्यांना काय सांगायचं ते तोंडपाठ केलं आणि रेघवाल्यालाच समोर बसवून म्हणून दाखवलं. "या, पाहुण्यांनो. हे चामडं तळहाताला बांधायचं, नाहीतर सुई हातात घुसते. माझ्या घुसलीय, हे बघा." इथे हात पुढे करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि मध्येच मेहुण्यानं खालच्या गल्लीत कॉफीचं दुकान टाकलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आजवर ज्याला हात लावला त्याची माती केलेला. बायको म्हणाली, "ब्रश तुमच्या हातात आहे. रेघ वरून नेली काय नि खालून नेली काय, जाते तर बुरुजालाच ना? सख्ख्या भावासाठी मागतेय, परक्यासाठी नाही." रेघवाला आधी हसला, मग चिडला, मग गप्प बसला. तो गप्प बसला तशी घरही गप्प बसलं. ताट समोर आदळू लागलं. हाक मारली तर "काय?" एवढाच जबाब. घरात असं वारं वाहू लागलं की भलाभला माणूस वाकतो, आणि हा तर मुळातच भांडणाला भिणारा.

शेवटी तो इंजिनिअरसाहेबांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, वरच्या गल्लीत पायऱ्या आहेत. शेवाळ आहे. कुणी म्हातारं माणूस घसरलं तर आपल्या गळ्यात यायचं."

साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. जागेवर कोण जातंय! खुर्चीतूनच त्यांनी लाल पेन्सिल चालवली आणि रेघ खाली उतरली. शेवाळ होतं हे खरं. एका सकाळीत खरवडून निघालं असतं, हेही तेवढंच खरं. ही दुसरी गोष्ट साहेबांनी विचारली नाही, आणि त्यानं सांगितली नाही.

रेघ सुकली. पाहुणे आले. मेहुण्याच्या दुकानाबाहेर खुर्च्या कमी पडू लागल्या, आणि जन्मात पहिल्यांदा तो भाऊजींना "या, बसा" म्हणाला. बायको घरात गुणगुणू लागली. सगळं गोड झालं होतं, फक्त रेघवाल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही.

काका भेटले की विचारायचे, "आमच्याकडे कधी येते रे रेघ?"

"रंग संपलाय काका. मागवलाय."

पुढच्या खेपेला, "मंजुरी यायचीय वरून." त्याच्या पुढच्या खेपेला, "माणसं कमी आहेत सध्या." काका मान डोलवायचे. "सरकारी काम आहे, वेळ लागायचाच," असं उलट तेच त्याला समजावायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे पुढे रेघवाला गोदामाकडून जायचंच टाळू लागला. काका लांबून दिसले की हा वळून भलत्याच रस्त्याला लागायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटून दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही.

एका रविवारी बायको म्हणाली, "सगळं जग तुमच्या रेघेवरून फिरतंय, आपण कधी फिरायचं?" तिनं फोनमध्ये तो आवाज सुरू केला, कानातली एक गुंडी स्वतःच्या कानात घातली, एक त्याच्या. दोघं धक्क्यावरून निघाले. जकातघरापाशी आवाज छान सांगत होता. मनोऱ्यापाशी बायकोला पहिल्यांदा कळलं की त्याचं घड्याळ खलाशांना दिसावं म्हणून फक्त समुद्राच्या बाजूला आहे, आणि ती खूश झाली. "आणि आपण इतकी वर्षं म्हणतोय, घड्याळ नाही तर घड्याळाचा मनोरा कसला!" रेघवालाही हसला. हा सगळा रंग त्याच्या हातचा होता, कुठे काठ फुटला नव्हता, आणि क्षणभर त्याची छाती भरून आली.

मग गोदाम आलं. रेघ खालच्या गल्लीत वळली. कानातला आवाज म्हणाला, "डावीकडे वरच्या गल्लीत एकेकाळी जहाजांची शिडं शिवली जात. आता तिथे काही उरलेलं नाही. पुढे चला."

रेघवाल्यानं मान वर केली. वरच्या गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या शिडाचा कोपरा दिसत होता. काकांनी ते दारातून पुढे आणून लावलं होतं, खालून दिसावं म्हणून.

"काय झालं? चला ना, आवाज पुढे चला म्हणतोय," बायको म्हणाली.

"कुठे काय," तो म्हणाला, आणि चालू लागला. मेहुण्याच्या दुकानात त्याच्यासमोर कॉफी आली ती त्याला गिळवेना. आपण जिवंत माणसाला शहरातून पुसून टाकलं, असं त्याला स्पष्ट, शब्दाशब्दानं वाटलं. आणि तरीही घरी गेल्यावर तो मूग गिळून बसला. धीर नावाची वस्तू काही दुकानात मिळत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मुकादमानं त्याला सकाळीच हाक मारली. मुकादमाचा आवाज असा की शेजारच्या खात्यातले लोकही आपलीच कामं तपासायला लागत.

"अरे रेघवाल्या, कुणीतरी येड्यानं गोदामापाशी खोटी रेघ मारलीय! पिवळीच! अर्धे पाहुणे भलतीकडे चढतायत. तुझा मेहुणा बोंबलत आला होता इथे, माझी गिऱ्हाइकं पळवली म्हणून. जा, पूस ती. दुपारी पर्यटनवाल्या मॅडम बघायला येणार आहेत."

कुणी मारली असेल, हे त्याला विचारावं लागलं नाही.

रंग काढायचं औषध, तारेचा ब्रश, आणि पुसताना मूळ रेघ बिघडलीच तर परत मारायला दोरी नि पिवळ्या रंगाचा डबा, असं सगळं हातगाडीवर घालून तो गोदामापाशी आला. खोटी रेघ त्याच्या रेघेतूनच फुटली होती. होड्यांना लावतात तो जाड रंग, ब्रशही होडीचाच. कुठे वीतभर रुंद, कुठे बोटभर, आणि प्रत्येक पायरीवर थांबून दम खाल्ल्याचे थेंब. पायऱ्या मात्र लख्ख होत्या. शेवाळाचा कणही नव्हता, सगळं खरवडून काढलेलं. ते बघून त्याला जागच्या जागी बसावंसं वाटलं.

काका दारातच होते. त्याला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की रेघवाल्यानं नजर पायांकडे वळवली.

"आलास! बरं झालं. रागावू नकोस हां, तुला विचारलं नाही मी. म्हटलं, तुझ्यावर वरून कामाचा एवढा ताण, त्यात मी सारखा विचारून जीव खातोय. घरात होडीचा रंग पडलेला होता. म्हटलं तेवढाच पोराला हातभार." ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माणसं आली रे काल! खरीखुरी! एका बाईनं सुई हातात घेऊन बघितली. मी म्हटलं, जपून, माझ्या घुसलीय. तर तिनं माझा हात हातात घेतला. माझं पुढचं सगळं पाठांतरच उडालं!"

ते मोठ्यानं हसले. मग त्यांची नजर हातगाडीकडे गेली, डब्यावर आणि दोरीवर.

"नीट करायला आलास ना? वाकडी झालीय, मला दिसतंय. गुडघे ऐकत नाहीत आता. थांब, मी धरतो." आणि रेघवाला काही बोलायच्या आत त्यांनी दोरीचं एक टोक उचललं, पायऱ्यांवरून खाली नेलं, आणि बोटांनी जमिनीशी दाबून धरून बसले. वर बघून म्हणाले, "हं. ताण."

रेघवाल्यानं औषधाचा डबा उचलला आणि परत ठेवला. मग खिशातून फोन काढून मुकादमाला लावला. काकांना तोंडावर सांगायची ताकद त्याच्यात नव्हती. मुकादमाच्या शिव्या खायची होती, तेवढ्यावरच तो उभा राहिला.

"मुकादमसाहेब, ही रेघ मी पुसणार नाही. ही खोटी नाही. मूळ नकाशात रेघ इथूनच होती. मेहुण्याच्या दुकानासाठी मी ती खाली वळवली. शेवाळाचं कारण मी सांगितलं होतं साहेबांना." पलीकडून जे आलं ते पायऱ्यांवरही ऐकू जात होतं. "हो. मुद्दाम. हो, लिहून देतो. साहेबांना घेऊन या, मी इथेच आहे. नोकरी जायची तर जाऊ दे, पण म्हातारा माणूस हंगामभर वाट बघत बसलाय."

त्यानं फोन बंद केला. घरी काय वादळ उठेल, मेहुणा काय म्हणेल, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खाली बघायची तेवढी भीती वाटत होती.

काका तसेच बसले होते. दोरीचं टोक बोटांखाली होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग काका म्हणाले, "शेवाळाचं कारण सांगितलंस?"

"हो."

"मला का नाही बोललास? मी तेव्हाच खरवडलं असतं."

"काका, चुकलो मी," एवढंच रेघवाला कसंबसं म्हणाला. काकांनी मोकळा हात नुसता हनुवटीवरून फिरवला.

"माणसं येतील म्हणून मी रोज सकाळी दाढी करत होतो रे," ते म्हणाले.