सरसखाऊ

बुरशीबाईंची बुरशी काय खात नसे ते विचारा. सरस खाई, डिंक खाई, आणि कारखान्यातला कडक गोंद तर अशी चाटूनपुसून जाई, की जुनं प्लायवूड वहीच्या पानांसारखं सुटं व्हावं. मोडक्या फर्निचरचं लाकूड पुन्हा वापरता येईल, या शोधासाठी बाईंना देशातला सर्वांत मोठा विज्ञान पुरस्कार जाहीर झाला. सोबत प्रयोगशाळा पाच वर्षं चालेल एवढा निधी. तो नसता, तर महिनाअखेरीस दाराला कुलूपच.

"वहिनी, तुझी बुरशी सरस खाते म्हणे," नणंद म्हणाली. "मग आपल्या घरात बिचारी उपाशीच मरेल."

बाई हसल्या खऱ्या. पण समारंभाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतलं स्टूल त्यांच्याखाली चार दिशांना पांगलं. सांध्यांवर पांढरी लव. बुरशीच्या बशीचं झाकण तर घट्ट होतं. बाईंनी लव पुसली आणि मूग गिळले. निधी पदरात पडू दे, मग सांगू.

सभागृह भव्य, भिंती, छत, सज्जा, सगळं प्लायवूडचं. पहिल्या रांगेत बसताना नणंदेच्या चपलेचा तळ सुटला.

"कालच घेतलीय गं," ती कुरकुरली.

तळाला पांढरी लव होती. बाईंनी मान वर केली, तर अध्यक्षांचा बूटही जबडा वासून व्यासपीठ चढत होता. आणि माणसांनी खचाखच भरलेल्या सज्जाची कडेची पट्टी सुटून खालच्या ओठासारखी लोंबत होती.

बाईंचं नाव पुकारलं गेलं. मानचिन्ह हातात पडलं, माईक पुढे आला. बाईंनी एकदा मानचिन्हाकडे पाहिलं, एकदा वर.

"हा पुरस्कार मला देऊ नका," त्या म्हणाल्या. "बुरशी माझ्या ताब्यात राहिलेली नाही. ती इथवर आलीय. सज्जातल्या मंडळींनी हळूहळू खाली उतरावं."

मग अध्यक्षांनी गहिवरून माईक ओढून घेतला.

"एवढी विद्वत्ता, आणि त्यात हा विनय. शिवाय थट्टेखोरही आहेत बाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई दोन्ही हातांनी खाली या, खाली या म्हणून खुणावत राहिल्या. सज्जातल्यांना वाटलं, बाई आपल्यालाच हात करताहेत. ते सगळेच्या सगळे उभे राहिले आणि कौतुकानं पाय आपटू लागले.