परात आणि खापर

"मंजूला बोलावलंय मी," शेखर चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "सहाच्या गाडीत बसली ती सटाण्याहून. मांड्यांचं ती बघेल. तू फक्त पीठ मळून ठेव."

उज्वलाचे दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत होते. पाच वाजल्यापासून ती त्या कणकेशी झुंजत होती. मांड्याची कणीक म्हणजे काही पोळीची नव्हे, की पाणी घातलं, मळली आणि झाकून ठेवली. गहू धुऊन वाळवायचे, दळून आणून पीठ फडक्यातून गाळायचं, आणि मग पाण्याचे हबके मारत मारत ते परातीत आपटायचं. आपटून आपटून खांदा भरून येतो, बांगड्यांचे वळ उठतात, तेव्हा कुठे त्या कणकेला तार सुटते. एवढं सगळं झाल्यावर नवरा येऊन सांगतो, फक्त पीठ मळून ठेव. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणाला विचारून बोलावलं?"

"अगं, विचारायचं काय त्यात? आई गेल्यानंतरची पहिली आखाजी. घागर भरायची तिच्या नावानं. मांडे खापरावरचेच पाहिजेत ना? मंजू तिची लेक आहे, तिच्या हातात असणारच ते."

"आणि मी करणार होते त्याचं काय?"

"तुला कुठे येतात मांडे?" शेखर म्हणाला आणि चहा पिऊ लागला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं.

शिवाय तो बोलला ते खोटंही नव्हतं. सव्वीस वर्षांत उज्वलानं एक मांडा हातावर घेतला नव्हता. घेतला नव्हता म्हणजे, घेऊ दिला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं हौसेनं गोळा उचलला. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा, कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मातीच्या खापरावर टाकायचा, एवढंच तर दिसत होतं. तो मधोमध फाटला. पुरण सगळं खापरावर सांडलं, करपलं, सगळ्या आळीत वास सुटला. सासूबाईंनी, म्हणजे कुसाबाईंनी, चार बायकांदेखत सांगून टाकलं, "तुना हात जड शे, माय. परात तुनी, खापर मनं." झालं. वाटणी झाली ती कायमची. त्यानंतर गाव सुटलं, पंचवटीतला हा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, उज्वला शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागली, तिचे केस पांढरे व्हायला लागले, पण ती वाटणी काही मोडली नाही. दर वर्षी पीठ उज्वलाचं, पुरण उज्वलाचं, आणि मांडे कुसाबाईंचे. पाहुणे जेवून उठताना म्हणायचे, मांडे खावे तर कुसाबाईंच्या हातचे. उज्वला त्यांच्या हातावर पाणी घालायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते दुसरं काय असतं? पण सासूला हे कोण सांगणार. ती मूग गिळून बसली.

पौषात कुसाबाई गेल्या. तेरावं झालं, आणि त्याच आठवड्यात उज्वलानं मनाशी ठरवून टाकलं, की पुढच्या आखाजीचे मांडे आपण करायचे. कोणाला बोलली नाही. शेखर रविवारी बाहेर गेला, की ती ओला रुमाल दोन्ही हातांवर घेऊन फिरवून बघायची. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर. रुमाल काय, फाटत नाही. पण हाताला वळण तरी पडेल. ऑफिसातून रजा घेतली. सोसायटीच्या गच्चीवर चूल मांडायची म्हणून सेक्रेटरी मनोजला अर्ज दिला. हो, चक्क लेखी अर्ज, विषय घालून. मनोज म्हणाला होता, "वहिनी, वॉटरप्रूफिंग नवीन केलंय, त्यावर चूल?" मग पत्र्याचा तुकडा मिळवला, त्यावर विटा रचल्या. लाकडं आणली. माळ्यावरून खापर काढलं, पुसलं, दोनदा कोरडंच तापवून घेतलं. आणि आता ऐन वेळी हा माणूस म्हणतो, मंजू बघेल.

साडेआठला मंजुषा आली. कोऱ्या साडीत, हातात आंब्यांची पिशवी, आणि चेहरा मात्र परीक्षेला आल्यासारखा. ती शेखरहून धाकटी, तरी उज्वला तिला मंजूताईच म्हणायची. नणंद ती नणंद.

"वहिनी, पीठ झालं?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"झालं की. माझं कामच ते," उज्वला म्हणाली. टोमणा मंजुषाला लागला की नाही, कळलं नाही. ती नुसती परातीकडे बघत राहिली.

दहाच्या आत सगळं गच्चीवर गेलं. परात, पुरणाचं पातेलं, पोळपाट, तुपाची वाटी. शेखरनं घागरही वर आणून ठेवली, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. ऊन असं, की पत्र्याला हात लावता येईना. चुलीचा धूर वाऱ्यानं नेमका दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे जायला लागला आणि खालून कोणीतरी खिडकी आपटून लावली. उज्वलानं मुकाट्यानं पुरण भरून गोळे केले आणि मंजुषापुढे सरकवले.

मंजुषानं पदर खोचला. गोळा लाटला, हातावर घेतला, दोन वेळा फिरवला आणि तो तिच्या मनगटावरच फाटला. "सवय मोडली हो," ती म्हणाली. दुसरा खापरापर्यंत गेला, पण घडी पडून पडला आणि आतून कच्चा राहिला. तिसरा तर हातावर घेता घेताच तिच्या कोऱ्या साडीवर आला. शेखर चुलीशी फुंकणी घेऊन बसला होता. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा खापरावर करपणाऱ्या पुरणाकडे.

"काय गं मंजू?"

"खापर नीट तापलं नाही, दादा."

"तापलंय," उज्वला म्हणाली.

शेखर उठला. "जाऊ दे. बाराच्या आत आगारी पडली पाहिजे. बाजाराकडे एक बाई खापरावरचे मांडे करून देतात, मी घेऊन येतो. अर्ध्या तासात आलो."

"थांबा. मी करून बघते," उज्वला म्हणाली.

"आता प्रयोग नको, उज्वला. पुरण वाया चाललंय. आईच्या नावाचं आहे ते." तो जिन्याकडे गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दोघी राहिल्या. मंजुषा कठड्याच्या सावलीत जाऊन बसली आणि साडीवरचं पुरण नखानं काढू लागली.

"वहिनी, खरं सांगू? मला नाही येत मांडे," ती खाली मान घालून म्हणाली. "कधी केलेच नाहीत. आखाजी म्हणजे लेकींचा सण. मी माहेरी यायची ती झोके खेळायला. आई म्हणायची, सासरी जन्मभर चूलच फुंकायची हे, इथं बस. खापराजवळ फिरकू नाय दिलं कधी. सासरी तर आमच्याकडे मांडे विकतच आणतात."

"मग आलात कशाला?"

"दादाचा फोन आला, आईचे मांडे आता तूच करणार. नाही कसं म्हणू? सगळ्या सटाण्यात मिरवते मी, कुसाबाईंची लेक म्हणून." तिनं साडीवरचा पुरणाचा कण झटकला. "आणि तुमचं पीठ असणार, म्हणून म्हटलं जमेल. आईच म्हणायची तसं."

"काय म्हणायच्या?"

"हेच, की मांडा काही हातावर होत नाही, तो परातीत होतो. उज्वला पीठ मळती म्हणून मना हात चालतो, म्हणायची. तिच्यासारखं पीठ नामपूरपासून नाशिकपर्यंत कोणी मळून दाखवावं. आमच्याकडे आली की बायकांना हेच सांगत बसायची. तुम्हाला माहीतच असेल ना."

कोणाला वाटेल, सासूनं आपल्यामागे एवढं कौतुक केलं हे ऐकून तिला भरून आलं असेल. छे. तिला असा संताप आला, की हातातला गोळा तिनं परातीत आपटला.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "सटाण्यातल्या सगळ्या बायकांना माहीत, आणि मला नाही. सव्वीस वर्षं एका चुलीशी बसलो आम्ही. मला एकदा म्हणाल्या असत्या तर काय जीभ झडली असती का त्यांची?"

"वहिनी, आजच्या दिवशी तरी असं..."

"आजच म्हणते. सुनेला तोंडावर चांगलं म्हणू नये, शेफारते. हे त्यांचं शास्त्र. मी रात्री खांद्याला तेल लावत बसायची आणि मनात म्हणायची, आपला हातच मेला खोटा. एवढी वर्षं हेच धरून बसले मी, मंजूताई."

उज्वलानं डोळे दंडाला पुसले, दंडाला पीठ लागलेलं होतं ते कपाळाला लागलं, आणि तिनं गोळा उचलला.

पहिला कोपराशी फाटला. ठीक. दुसरा खापराच्या काठावरून अर्धा खाली लोंबला आणि चुलीत पडला. उलथन्यानं खापर खरवडून तिनं तिसरा घेतला. आता तिला कोणाचं काही वाटत नव्हतं. कोण बघतंय, काय म्हणेल, पुरण किती उरलं, सगळं त्या रागात जळून गेलं होतं. गोळा लाटला, डाव्या हातावर घेतला, उजव्यावर टाकला, पुन्हा डाव्यावर. घाईनं नाही. कणीक स्वतःच्या वजनानं खाली यायला बघत होती आणि ती फक्त हात बदलत होती. पीठ ऐकत होतं. हे पीठ तिचंच होतं, ते कुठवर ताणतं आणि कुठं तुटतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मनगट, मग त्याच्या पुढे, मग कोपर. आतलं पुरण पिवळं दिसायला लागलं, इतका तो पातळ झाला. तिनं दोन्ही हात खापरावर नेले आणि खालून काढून घेतले.

मांडा खापरावर बसला. एका बाजूला थोडा जाड होता, आणि गोल म्हणण्यापेक्षा लांबटच. पण भोक नव्हतं. तिनं सगळ्या बाजूंनी वाकून पाहिलं, कुठेच नव्हतं. मंजुषा उठून जवळ आली आणि वाकून बघू लागली. उज्वलाला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं, आणि धुराचं निमित्त होतं म्हणून तिनं ते येऊ दिलं. मांडा उलटला, शेकला आणि ताटात काढला. घडी घातली नाही, ताटाबाहेर गेला तरी तसाच ठेवला.

शेखर आला तेव्हा पावणेबारा झाले होते. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली पुडी होती. "मिळाले. गरम आहेत अजून," म्हणत त्यानं पुडी उलगडली. मांडे खरंच सुरेख होते, एकसारखे, चौकोनी घडीचे. मग त्याला ताट दिसलं.

"हा कोणी केला?"

"वहिनींनी," मंजुषा म्हणाली.

"तू?" शेखर म्हणाला. त्यानं वाकून मांड्याची कड बोटानं चाचपली. "बरा झालाय की. पण आगारीला हे आणलेलेच टाकू. तुझा एका बाजूनं जाड दिसतोय. आईला तसं चालायचं नाही."

आगारी म्हणजे गेलेल्या माणसाचा घास. निखाऱ्यावर तूप सोडायचं आणि पानातल्या प्रत्येक पदार्थाचा एक एक घास तोडून त्यावर ठेवायचा. तो मुलानं ठेवायचा असतो. शेखरनं चुलीतले निखारे विटेवर ओढले, घागरीला हात जोडले, घागरीतलं पाणी मंजुषानं खालून वाढून आणलेल्या पानाभोवती फिरवलं. भाताचा घास झाला, वडा झाला, आमरसाचं बोट झालं. मग त्यानं कागदातल्या घडीकडे हात नेला.

उज्वला पुढे झाली. तिनं आपला मांडा दोन्ही हातांनी उचलला, त्याची चार पदरी घडी घातली आणि निखाऱ्यावर ठेवली. सगळे निखारे झाकले गेले.

"अगं, एक घास तोडायचा असतो," शेखर म्हणाला. "अख्खा कुठे ठेवतात?"

"अख्खाच जाऊ दे," उज्वला म्हणाली. "तुकड्यावरून त्यांना काय कळणार?"

शेखरनं बहिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग त्यानं पुडी बाजूला ठेवली, तुपाची वाटी उचलली आणि मांड्यावर तूप सोडलं. मांडा ओलसर होता, लवकर पेटेना. नुसता कडेनं धूर येत होता. आगारी जळून गेल्याशिवाय कोणी जेवायचं नसतं, म्हणून तिघंही तशीच भर उन्हात थांबली. खालच्या मजल्यावरून मनोजनं हाक मारून विचारलं, वहिनी, अजून किती वेळ चालेल, तर शेखरनंच कठड्याशी जाऊन त्याला थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं. उज्वला विटेशी बसून पदरानं वारा घालत राहिली, तो मांडा पदरापदरानं काळा होऊन पुरता जळेपर्यंत.