अहरोनाचं गप्प राहणं

बोलण्यात पाळकांचा हात धरणारं चर्चच्या मंडळीत कुणी नव्हतं. लग्न असो, बाप्तिस्मा असो की कुणाची माती, ते उभे राहिले की लोक खोकलासुद्धा दाबून धरायचे. पण पुलाच्या कामावर क्रेनची साखळी तुटून त्यांचा एकुलता एक मुलगा गेला आणि कबरीपाशी त्यांची दातखीळच बसली. हातातलं पुस्तक उघडं होतं, ओळी तोंडपाठ होत्या, पण आवाज म्हणून फुटेना. शेवटी शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी पुढे होऊन प्रार्थना पूर्ण केली.

मग घरी माणसांची रीघ लागली. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात," कुणी म्हणालं. "काळच यावर औषध," दुसऱ्यानं री ओढली. ही सगळी वाक्यं पाळकांनी स्वतःच कधी ना कधी कुणाच्या तरी घरी जाऊन म्हटली होती. आता तीच उलट फिरून अंगावर येत होती.

मंडळीचे ज्येष्ठ पंच म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. माणूस मनाचा वाईट नव्हे, पण काम अडलेलं त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, या रविवारी उपदेश तुम्हीच करा. लोकांत कुजबुज आहे. आम्हाला धीर देणाऱ्याचाच विश्वास डळमळला, असं नको व्हायला."

पाळकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, त्यांनाही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी हिब्रू शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या ज्यू होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. गेली काही वर्षं पाळक दर मंगळवारी त्यांच्याकडे बायबलमधलं हिब्रू शिकायला जात. "पाळकबुवा, तुमचा 'ख' अजून दातांतच अडकतोय, जरा घशात उतरू द्या," असं म्हणून त्या त्यांना हसायला लावत. आज मात्र त्यांनी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल ओढलं, दुखरे गुडघे सांभाळत त्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. तासाभरानं उठल्या, पाळकांच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

"अहो, चकार शब्द नाही काढला त्यांनी!" बायको म्हणाली. तिला ते लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या, पुन्हा तशाच बसल्या. घरात नळाचा थेंब पडलेला ऐकू येत होता. मग काय झालं कोण जाणे, बायकोच बोलायला लागली. मुलगा लहानपणी बूट उलटसुलट पायांत घालायचा, झोपेत घोरायचा आणि उठवलं की "मी कुठे घोरतोय" म्हणून भांडायचा. सांगता सांगता तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ती कोसळली. बाईंनी तिला थोपवलं नाही.

"तुम्ही काही बोलत का नाही?" पाळकांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

"आमच्यात ज्याच्यावर दुःख कोसळलंय तो बोलेपर्यंत भेटायला आलेल्यानं तोंड उघडायचं नसतं," बाई म्हणाल्या. "सगळी मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात? सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं."

पाळक कितीदा तरी त्या मित्रांवर बोलले होते. त्या सात दिवसांवर ते कधी थांबलेच नव्हते.

"बाई, मला प्रार्थनाही करता येत नाहीये. आतून सगळं दगड झालंय. माझा विश्वास गेला बहुतेक."

बाईंनी कपाटातलं हिब्रू बायबल मागितलं, पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा."

अहरोनाची गोष्ट होती. तो याजक, म्हणजे देवाची सेवा करणारा, आणि त्याचे दोन मुलगे एकाच दिवशी आगीत गेलेले. पाळकांनी अडखळत वाचलं, "वय्यिद्दोम अहरोन."

"आपण म्हणतो, अहरोन गप्प राहिला. मूळ शब्दात नुसतं गप्प बसणं नाही, जागच्या जागी निश्चल होणंही आहे. तुम्ही आत्ता म्हणालात ना, दगड झालंय. आणि तरी कुणी त्याला अविश्वासी म्हटलेलं नाही. उलट आमच्या जुन्या पंडितांनी त्या गप्प राहण्याचा मान केलाय." त्यांनी बरीच पानं उलटली. "आता एलीया, देवाची वाट बघत डोंगरावर उभा राहिलेला संदेष्टा. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, देव त्यांत नव्हता. पुढे?"

"शांत, मंद वाणी."

"शब्द बघा की."

पाळकांनी बोट टेकवत वाचलं. "कोल... दममा... दक्का. आवाज. शांतता. बारीक." ते थांबले. "बारीक शांततेचा आवाज?"

"'दममा' आणि अहरोनाचा तो शब्द, दोन्हींचं मूळ एकच. देव तुमच्या गप्प राहण्यात आहे असं मी म्हणत नाही, तेवढा माझा अधिकार नाही. मी आपली व्याकरण शिकवणारी बाई."

पाळकांच्या डोळ्यांतून तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

रविवारी ते व्यासपीठावर चढले. अहरोनाच्याच अध्यायाचा शेवट त्यांनी वाचला. याजकांनी खायचं त्या दिवशीचं अर्पण खाल्लं नाही म्हणून अहरोनाचा भाऊ मोशे रागावतो. तेव्हा अहरोन म्हणतो, माझ्यावर असं गुदरलंय, आज मी खाल्लं असतं तर देवाला ते बरं वाटलं असतं का? हे ऐकून मोशेला पटतं. पाळकांनी पुस्तक मिटलं. "माझ्यावरही असंच गुदरलंय. आज माझ्याकडे उपदेश नाही." ते खाली उतरले आणि बाकावर बायकोशेजारी जाऊन बसले.

सगळे पोस्टमास्तरांकडे बघू लागले. पुढचं गीत सुरू करायचं काम त्यांचं. ते उभे राहिले, गीतांचं पुस्तक उघडलं, आणि काही न म्हणता पुन्हा खाली बसले. सारी मंडळी कितीतरी वेळ तशीच बसून होती. एरवी भोकाड पसरणारी पोरंही चिडीचूप. बाहेर पडताना पोस्टमास्तरांनी पाळकांचा हात हातात घेतला. "उपदेशाचं सवडीनं बघू, साहेब. घाई नाही," एवढंच म्हणाले.

मंगळवारी पाळक शिकायला निघाले तर बायको चप्पल घालून दारात उभी. तिथे पोचल्यावर तिनं बसायच्या आधीच विचारलं, "बाई, त्या दोन मुलांची आई कुठे होती?"

"अहरोनाची बायको अलीशेबा. तिचं नाव दुसरीकडे एकदा येतं. इथे तिच्याबद्दल अक्षरही नाही," बाई म्हणाल्या. "पण आमचे पंडित तिला विसरले नाहीत. ते म्हणतात, त्या दिवशी तिच्या घरात आनंदाच्या पाच गोष्टी होत्या, नवऱ्यापासून नातवापर्यंत पाच जण मानाच्या जागी होते, आणि ती मात्र दोन मुलांसाठी रडत होती."

 बायको खुर्ची टेबलाजवळ ओढत म्हणाली, "मला तिचं नाव लिहायला शिकवा."